दुकान वाढवले आहे

४ मार्च

मालकीणबाईंना कुलूपवाल्याचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मोठे मालक गेले आणि इमारत आता तुमच्या नावावर झाली, असं तुम्ही कळवलंत. बरं झालं. म्हणजे ते गेले हे बरं झालं नाही, तुम्ही कळवलंत ते बरं झालं. माझं लिहिणं हे असं आहे. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. फोन केला असता, पण फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की मी सगळ्याला 'हो' म्हणतो. म्हणून पत्र.

तुम्ही विचारलंय, मी कोण, जागा कुठली, वापर कसला. तळमजल्यावर जिन्याच्या उजव्या हाताला जे दुकान आहे ते माझं. म्हणजे तुमचं. तिथे मी कुलपं दुरुस्त करतो आणि किल्ल्या बनवतो. चाळीस वर्षं हेच करतोय. मागे एक खोली आहे, तिच्यात सामान असतं. फक्त सामान.

तुमचे काका मालक म्हणून कसे होते, ते तुमच्या कानावर घालतो. इमारतीतल्या प्रत्येक दाराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती. मीच बनवून दिली होती. त्यांनी ती कधी वापरली नाही. माझं दुकान दिवसभर सताड उघडं, तरी ते बाहेर थांबून चौकटीवर अंगठीने दोनदा टकटक करायचे. मी म्हणायचो, "या की मालक, तुमचीच तर जागा." ते म्हणायचे, "भिंती माझ्या. आतली जागा तुमची." मी 'या मालक' म्हणेपर्यंत उंबऱ्यात पाऊल टाकायचे नाहीत. एकदा माझं लक्ष नव्हतं, मी कानस चालवत होतो, तर हा माणूस स्वतःच्या इमारतीत दाराबाहेर छत्री घेऊन उभा राहिला. मी मान वर केली तेव्हा पावसात पोतेऱ्यासारखी भिजलेली त्यांची विजार बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्हाला मी पाहिलंय. तुम्ही लहान होतात. आदल्या दिवशी मालक म्हणाले, "उद्या आमची पंचाईत येणार आहे." मला वाटलं, काहीतरी संकट. म्हटलं, "मालक, काही मदत लागली तर सांगा." तर दुसऱ्या दिवशी दोन वेण्या घातलेली पंचाईत दुकानात आली आणि एकेका कुलपाला बोट लावून "हे का? हे कशाला?" करत बसली. मग कळलं की ते तुमचं नाव होतं.

थांबतो. दूध उतू गेलं.

आपला,
कुलूपवाला

ता.क. दुकान रिकामं करायला सांगणार असाल तर एकदम सांगू नका, हळूहळू सांगा.

ता.क. दुसरा. सांगूच नका.

१५ मार्च

आदरणीय काका,

सादर नमस्कार. 'पंचाईत' हे नाव मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. घरात ते फक्त माझे काकाच वापरायचे. तुमचं पत्र वाचताना हसू आलं आणि मग बराच वेळ काही करवलं नाही.

माझं मराठी आईकडून आलेलं, म्हणजे स्वयंपाकघरापुरतं. बाकीचं मी शब्दकोश पुढे ठेवून लिहिते. काही चुकलं तर सांगा. मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे मोघम चालत नाही, म्हणून स्पष्ट विचारते. करारात 'दुकान' एवढा एकच शब्द आहे. दुकानात दूध कोण तापवतं?

घाबरू नका. धंद्याच्या जागेचे नियम वेगळे आणि राहत्या जागेचे वेगळे. खरं काय ते कळलं तर मला दोन्ही पाळता येतील.

मी स्वतः इथे भाड्याने राहते. माझी घरमालकीण न विचारता आत येते. परवा मी आंघोळ करून बाहेर आले, तर ती माझं कपाट उघडून हँगर मोजत होती. म्हणाली, "तुझ्याकडे जास्त आहेत, दोन माझे असणार." तेव्हा काकांच्या टकटकीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं.

मी दूर असल्यामुळे इमारतीच्या देखरेखीसाठी एक व्यवस्थापक नेमले आहेत. ते येतील. त्यांना सहकार्य करावं.

आपली,
काकांची पुतणी

२७ मार्च

मालकीणबाईंना नमस्कार.

दूध मी तापवतो. लपवून काय उपयोग? तुम्ही रक्तातलं ओळखता, दुधातलं ओळखणारच.

बायको गेल्यावर आमचं घर मला एकट्याला झेपेना. ते सोडलं आणि रात्री मागच्या खोलीत आडवा होऊ लागलो. कुणाला कळू नये म्हणून सकाळी गादी गुंडाळून किल्ल्यांच्या फळीमागे उभी करायचो. एकदा मालक आले, टकटक करून. बोलता बोलता त्यांची नजर गादीवर गेली. त्यांनी पान उलटावं तशी नजर फिरवली आणि ते गेले. पुढच्या आठवड्यात गवंडी हजर. मागच्या भिंतीला खिडकी पाडायची म्हणाला. मी धावत वर गेलो. मालक म्हणाले, "माणूस झोपतो तिथे हवा नको का?" बस्, एवढंच. कागद नाही, सही नाही. नुसती खिडकी. कायद्यात खिडकी चालते का हो?

तुमचे व्यवस्थापक येऊन गेले. शेजारच्या सलूनवाल्याने त्यांचं नाव टेपसाहेब ठेवलंय, कारण खिशातून मोजायची टेप काढल्याशिवाय ते कुणाशी बोलत नाहीत. माणूस वाईट नाही. माझ्याकडून एक कुलूप विकत घेतलं. म्हणाले, "सहज उघडणार नाही असं द्या." मी सगळ्यात पक्कं होतं ते दिलं, वर तेलाचा थेंबही सोडून दिला.

सलूनवाला म्हणतो की दुकान काही दिवस बंद दिसलं की मालकाला जागा आपोआप परत मिळते. हे खरं आहे का? मी सहज विचारतोय. माझं दुकान बंद राहायचा प्रश्नच नाही.

आपला,
कुलूपवाला

ता.क. मधे काही दिवस माझं पत्र आलं नाही तर भलतंसलतं मनात आणू नका.

ता.क. दुसरा. आणि व्यवस्थापकांना पाठवू नका.

१६ एप्रिल

महोदय,

तुमच्या पत्राला उत्तर लिहून मी पाकिटात घातलं होतं. त्यात लिहिलं होतं की खिडकी चालते. मालकाने स्वतः राहण्याची सोय करून दिली असेल तर त्याने राहायला संमती दिली, असाच अर्थ होतो. ते पाकीट मी पोस्टात टाकलं नाही.

त्याच दिवशी व्यवस्थापकांचं पत्र आलं. सोबत तुमच्या दाराचा फोटो. दारावर पाटी आहे, तुमच्याच अक्षरात: 'दुकान वाढवले आहे.' खाली व्यवस्थापकांनी लिहिलं आहे, 'भाडेकरूने स्वतःच लिहून दिले आहे, वेगळा पुरावा नको.'

मालकाला न विचारता भाडेकरूने जागा वाढवणं हा कराराचा भंग आहे. तुम्ही ते केलंतच, वर त्याची पाटी लावलीत. 'मी सहज विचारतोय' असं का लिहिलं होतंत आणि व्यवस्थापकांना का येऊ द्यायचं नव्हतं, ते आता कळलं. योग्य ती कारवाई करा, असं मी त्यांना कळवलं आहे.

पंधरा दिवसांत दुकान पूर्ववत करावे, अन्यथा जागेचा ताबा परत मिळवण्यासाठी मला न्यायालयात जावे लागेल.

कायद्याचं बोलून झालं. आता माझं. काकांची खिडकी मला खरी वाटली होती. म्हणून जास्त वाईट वाटतं.

इमारतीची मालक

२४ एप्रिल

मालकीणबाईंना साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी सलूनमधल्या खुर्चीत बसून लिहितोय. एका डोळ्यावर पट्टी आहे, म्हणून ओळी जिन्यासारख्या खाली उतरतायत. तुमचं पत्र सलूनवाल्याने वाचून दाखवलं. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच, आणि हा माझा कराराचा भंग वाचतोय.

आधी मला वाटलं, पूर्ववत म्हणजे पूर्वेकडे. माझं धाबं दणाणलं. दुकानाचं तोंड उत्तरेला, ते पंधरा दिवसांत पूर्वेला कसं करायचं? तिकडे तर जिना आहे. मी रडकुंडीला आलो तेव्हा सलूनवाला म्हणाला, "अरे बाबा, पूर्ववत म्हणजे आधी होतं तसं." मग आणखीच घाबरलो. कारण ते आधी होतं तसंच आहे! मी हाताने वीत वीत मोजलं. बाहेरूनच मोजलं, कारण आत जाता येत नाही.

आता लपवलेलं सांगतो. मोतीबिंदू काढायला दवाखान्यात गेलो होतो. बंद दुकान मालक घेतो या भीतीने तुम्हाला कळवलं नाही. परत आलो तर माझ्या कुलपाच्या वर दुसरं कुलूप. एका डोळ्यानेही ओळखलं. मी टेपसाहेबांना विकलेलंच ते. सगळ्यात पक्कं.

सलूनवाला म्हणाला, "बघतोस काय? उघड. तुझ्या हातचा मळ आहे."

म्हटलं, "मालकाचं कुलूप आहे."

"तू कुलूपवाला आहेस की कुलूपबंद?"

"मालकाने लावलंय, मालक काढेल."

"अरे पण आत तुझी गादी आहे, चष्मा आहे, डोळ्यात घालायला आणून ठेवलेलं औषध आहे!"

"असू दे."

बाई, ते कुलूप उघडायला मला चहा गार व्हायच्या आत जमलं असतं. पण ज्याचं दार त्याने सांगितल्याशिवाय मी आजवर एकही कुलूप उघडलेलं नाही. लोक माझ्यासमोर किल्ली ठेवून निर्धास्त घरी जातात ते याच भरवशावर. म्हातारपणी स्वतःसाठी उघडलं, तर उद्या मी त्यांच्या तोंडाकडे कसा बघू? म्हणून सलूनच्या खुर्चीत झोपतो. मागे कलते, बरी आहे. औषध सलूनवाल्याने नवीन आणून दिलं.

एक कळत नाही. मी दुकान वाढवलं यात नवीन काय? मी रोज संध्याकाळी वाढवतो. चाळीस वर्षं वाढवतोय. ती पाटी रोज लागते. तुमचे काका जिन्यावरून विचारायचे, "वाढवलंत का?" मी "वाढवलं" म्हणालो की खूश होऊन वर जायचे. त्यांना चालत होतं ते तुम्हाला का चालत नाही? उशिरा वाढवायला हवं आहे का? तसं सांगा, मी अंधार पडेपर्यंत बसेन.

आपला,
कुलूपवाला

ता.क. खिडकी मात्र खरी आहे. हवं तर गवंड्याला विचारा. तो वारला, पण त्याच्या मुलाला विचारा.

२ मे

प्रिय काका,

तुमचं पत्र मी आईला फोनवर वाचून दाखवलं. 'रोज संध्याकाळी वाढवतो, चाळीस वर्षं वाढवतोय' इथपर्यंत आले आणि पलीकडून आवाज बंद. मला वाटलं फोन कटला. आई हसत होती. हसून हसून तिला ठसका लागला. मग म्हणाली, "अगं खुळे, दुकान बंद केलं असं म्हणत नाहीत. वाढवलं म्हणतात."

मी विचारलं, "मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"आपल्या घरात दुकान होतं कुणाचं?"

आमच्या स्वयंपाकघरात पानं वाढायची, वय वाढायचं, कामं वाढायची. दुकान कधी वाढलं नाही. शब्दकोशात 'वाढवणे' म्हणजे 'मोठे करणे' असं पहिल्या ओळीत होतं. दुसरी ओळ मी वाचलीच नाही. व्यवस्थापकांना मी जाब विचारला. त्यांना 'दुकान बंद पडलं, माणूस गेला' असं म्हणायचं होतं. म्हणजे एकाच पाटीवर आम्ही दोघं रागावलो होतो, दोन वेगळ्या कारणांनी, आणि दोघंही चूक.

आता हसण्यापलीकडचं. सलूनवाल्यांना सांगा की भाडं चालू आहे तोवर दुकान उघडं असो की बंद, ताबा तुमचा. माणसाला दवाखान्यात जायचा हक्क आहे. न्यायालयाच्या हुकमाशिवाय भाडेकरूच्या दाराला कुलूप लावायचा हक्क मालकालासुद्धा नाही. ते कुलूप माझ्या माणसाने लावलं, 'योग्य ती कारवाई' असं मोघम मी लिहिलं म्हणून लावलं, तेव्हा ते मीच लावलं. मोघम चालत नाही असं तुम्हाला सांगणारी मी. व्यवस्थापकांकडून काम काढून घेतलं आहे. किल्ली ते पोस्टाने पाठवणार होते. तिची वाट बघू नका.

काका, कुलूप उघडा. याला परवानगी समजू नका. परवानगी तुम्हाला लागतच नव्हती.

तुम्ही ते उघडलं नाहीत हे मी प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं. कुणाला खरं वाटेना.

करार नव्याने करू. त्यात 'दुकान आणि राहणे' असे दोन्ही शब्द असतील आणि खिडकीही असेल. जिन्याची डागडुजी मालक म्हणून माझ्याकडे. भाडं मात्र थोडं वाढवावं लागेल. रीतसर आधी कळवते आहे, जास्त वाटलं तर तसं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

मला स्वतः यायचं आहे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आले तर चालेल का? नाही म्हणालात तर दुसरा दिवस ठरवू.

तुमची,
पंचाईत

९ मे

चि. पंचाईतबाईंना अनेक आशीर्वाद.

कुलूप उघडलं. तुमचं पत्र आलं तेव्हा दुपार होती. सलूनवाल्याने वाचलं, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकसुद्धा बाहेर आलं बघायला. मला वाटलं होतं झटक्यात उघडेल. पण नवीन डोळा पाण्याने भरलेला. दोनदा तार घसरली. सलूनवाला म्हणतो, "काय राव, मालाची जाहिरात करतोस की काय?" मग टक् झालं. आत सगळं जागच्या जागी. खिडकीतून ऊन थेट गादीवर पडलेलं.

'परवानगी तुम्हाला लागतच नव्हती' हे वाक्य सलूनवाल्याने मोठ्या अक्षरात लिहून आरशावर चिकटवलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायला लावतो, जणू त्यानेच लिहिलंय. मी त्याला म्हटलं, मालक असून स्वतःच्या विरुद्ध कायदा सांगणारं माणूस दुसरं दाखव. तो म्हणाला, "होते की एक." म्हटलं, "ते बोलून दाखवायचे नाहीत. ही लिहून देते." कोण मोठं, यावर आमचं अजून मिटलेलं नाही.

भाडं वाढवा. पण कागदावर नीट लिहा की खरोखरचं वाढवलं. नाहीतर मी आमच्या अर्थाने घेईन आणि द्यायचंच बंद करीन.

रविवारी या. मला कशाला विचारता? पण विचारलंत ते फार बरं वाटलं.

आपला,
कुलूपवाला

ता.क. जिन्याची तिसरी पायरी हलते. तिच्यावर पाय देऊ नका. पडलात तर तो मालकाचा दोष, म्हणजे तुमचाच, आणि भरपाई कुणाकडे मागणार?

२ जून

चि. पंचाईतबाईंना आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं तुमचं पत्र मिळालं. मी दिलेली कडी आणि स्क्रू बॅगेत सापडले ना? पण लगेच लावू नका. आधी घरमालकिणीला लेखी विचारा की आतून कडी लावू का. हो म्हणाली तरच दाराला भोक पाडा, आणि खोली सोडाल तेव्हा ते बुजवून द्या. भोक पडलं तर दार तिचं बिघडतं, हे मला आता कळतं. नाही म्हणाली तर मला कळवा. सलूनवाला तिला पत्र लिहायला टपून बसलाय. तोवर हँगर मोजून ठेवा.

करारावर तुम्ही माझ्यासमोर एकेक ओळ वाचून 'हे पटतं का?' विचारत होतात, तेव्हा मी सगळ्याला 'हो' म्हणत होतो. तुम्ही पेन खाली ठेवलंत. "काका, ऐकू आलं नाही म्हणून हो, की पटलं म्हणून हो?" मग माझ्या कानाशी येऊन पुन्हा पहिल्यापासून वाचलंत. असं कुणी केलं नव्हतं. माझ्या मुलानेही नाही. तो चांगला आहे, पण त्याला घाई असते.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी सांगितली नाही, कारण तुम्हाला वाईट वाटेल की बरं, ते माझं मला ठरवता येईना. अजूनही येत नाही. पण लिहितो.

रविवारी मी सकाळपासून दाराकडेच बघत होतो. मग एक बाई पेटीचं कुलूप घेऊन आल्या. त्यात मान खाली गेली ती गेलीच. दार सताड उघडं होतं. आणि चौकटीवर दोनदा टकटक झाली. अंगठीचीच. मी कानस थांबवली नाही, मान वर केली नाही, म्हणालो, "या मालक."

तुम्ही आत आलात आणि म्हणालात, "मालक नका हो म्हणू, पंचाईत आली आहे." मी हसलो, आणि डोळ्यातलं औषध झोंबतंय म्हणून आत गेलो. औषध मी सकाळीच घातलं होतं.

बाई, तो 'मालक' मी तुम्हाला म्हटलाच नव्हता. तुम्ही बाहेर उभ्या आहात हे मला ठाऊकच नव्हतं. टकटक झाली आणि तोंडातून निघालं.

पण तुम्ही आत पाऊल टाकलंत ते मी 'या' म्हटल्यावरच. मागच्या खोलीत गेल्यावर हे मला आठवलं. तेव्हा तो शब्द तुमच्यापाशीच ठेवा. परत मागत नाही.

संध्याकाळ झाली. सलूनवाल्याने दिवा लावलाय. पाटी शोधतो आणि दुकान वाढवतो. तुम्हाला अर्थ सांगायची आता गरज नाही.

आपला,
कुलूपवाला

ता.क. काही नाही. पत्र चिकटवताना सवयीने लिहिलं गेलं.